मेडिकलची सीट मिळाली, संशोधनाची वाट कोण दाखवणार?

डिसेंबर २०२४ संपता संपता आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून विचित्र बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस मुठीमुठीने गळत होते आणि काही दिवसांतच टक्कल पडत होते. लहान मुले, बाया, म्हातारी माणसे, कुणीच सुटले नाही. आधी शाम्पूवर संशय गेला, मग बोअरच्या पाण्यावर, मग बुरशीजन्य आजारावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) पथक येऊन नमुने घेऊन गेले. लोक मात्र तोंड झाकून फिरत होते आणि पोरांना शाळेत जायची लाज वाटत होती.

पुढे महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत जाऊन अभ्यास केला. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद त्यांनी मांडली. रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, घरातला गहूही तपासला. रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आहे आणि केस गळण्यामागे तेच कारण आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या प्रकरणावर भरपूर बोलले गेले, पण एक प्रश्न राहून गेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या आजाराचा माग काढायला रायगड जिल्ह्यातून सत्तरी ओलांडलेल्या डॉक्टरांना का यावे लागले? आपल्या जिल्ह्यात हुशार डॉक्टर नाहीत असे मुळीच नाही. पण आजार बरा करणे हे एक काम आहे, आणि आजाराचे कारण शोधणे, ते मोजून सिद्ध करणे हे दुसरे. पहिले काम मेडिकल कॉलेज शिकवते. दुसरे शिकायचे तर एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करावे लागते. असा जाणता माणूस आपल्या पोरांना भेटतो का, हा या लेखाचा विषय आहे.

विषय आत्ताच काढायचे कारणही आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात बुलढाण्याचे आहे. वर्षाला १०० जागा. आमच्या देऊळघाटहून बुलढाणा हाकेच्या अंतरावर. म्हणजे डॉक्टर होणारी मुले यापुढे आपल्या दारातच शिकणार आहेत. त्यांच्यातून संशोधक घडवायचे की नाही, हे आजच ठरवावे लागेल.

हे संशोधन नेमके कसले?

क्लिनिकल रिसर्च म्हणजे माणसांवर, रुग्णांच्या सहभागाने आणि त्यांच्या संमतीने केलेले संशोधन. कोणते औषध जास्त चालते, आजार कुणाला होतो, कुणाला होत नाही, असे त्याचे प्रश्न असतात. ट्रान्सलेशनल रिसर्च हा शब्द ऐकून भाषांतराशी काही संबंध असेल असे वाटते, पण तसे नाही. प्रयोगशाळेत लागलेला शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत आणायचा आणि खाटेजवळ सिद्ध झालेला उपाय गावातल्या शेवटच्या घरापर्यंत न्यायचा, या सगळ्या प्रवासाला ते नाव आहे.

दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातलीच घेऊ.

डॉ. बावस्करांचा जन्म जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाची बारकाईने नोंद ठेवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. जिथे गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत होते, तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये ७० रुग्णांवरची त्यांची चाचणी 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिले तर रुग्ण सरासरी १० तासांत सावरतो, नुसत्या प्राझोसिनने जवळपास १८ तास लागतात, असे तिने दाखवून दिले. हे सगळे काम तालुक्याच्या गावी झाले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या साध्या, कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. आज आशाताई घरोघर जाऊन बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, त्या कार्यक्रमाचे मूळ या अभ्यासात आहे. गडचिरोलीत सिद्ध झालेली गोष्ट देशाच्या धोरणात उतरली. यालाच ट्रान्सलेशन म्हणायचे.

गाईड आणि मार्गदर्शक यांत फरक आहे

पीजी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला थिसिस करावा लागतो आणि त्यासाठी गाईड मिळतो. पण गाईड मिळाला म्हणजे मार्गदर्शक मिळाला असे होत नाही. अनेकदा गाईडचा संबंध विषय मंजूर करण्यापुरता आणि शेवटी सही करण्यापुरता असतो. खरा मार्गदर्शक चार कामे करतो.

एक, तो प्रश्न विचारायला शिकवतो. 'मला सिकलसेलवर काम करायचंय' हा प्रश्न होत नाही. 'अमुक वयाच्या मुलांना अमुक डोस दिला तर दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते का' हा प्रश्न होतो.

दोन, तो हाताला वळण लावतो. नोंदी कशा ठेवायच्या, किती रुग्ण घ्यायचे, एथिक्स कमिटीचा अर्ज कसा भरायचा, पेपर नाकारला गेला तर खचून न जाता पुन्हा कसा पाठवायचा.

तीन, तो ओळख करून देतो, शिफारस करतो. ज्या खोलीत निर्णय होतात त्या खोलीत आपले नाव घेतो.

चार, तो वेळेला आधार देतो. घरी पैशाची ओढ आहे, कुणी टोमणे मारते आहे, सोडून द्यावेसे वाटते आहे, अशा वेळी तो फोन उचलतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यात हे चारही प्रकार दिसतात. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथल्या प्रा. सेलिग्मन यांनी त्यांना शिकवले आणि लंडनला जाताना तिथल्या प्राध्यापकांच्या नावे शिफारसपत्रही दिले. बुद्धिमत्ता आणि कष्ट बाबासाहेबांचेच होते, पण वाटेवरची दारे उघडायला माणसे लागली. धम्मात अशा माणसाला कल्याणमित्र म्हणतात. मेंटॉर या शब्दाला आपल्याकडे इतका जुना आणि नेमका शब्द आहे.

वैद्यकीय संशोधनातही हीच साखळी आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांना मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्यासारखे मार्गदर्शक मिळाले. त्यांच्याच हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली आणि त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन ऊतीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत त्या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या स्थापनेत त्या पुढे होत्या. स्वतःला मिळालेला हात त्यांनी पुढच्या मुलींना दिला.

आकडे काय सांगतात?

२००६ मध्ये 'जामा' या नियतकालिकात वैद्यकीय शिक्षणातल्या मार्गदर्शनाबद्दलच्या ३९ अभ्यासांचा आढावा आला. त्यात दिसले की निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना मार्गदर्शक होता. काही शाखांतल्या अध्यापकांमध्ये तर हे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते. ज्यांना मार्गदर्शक मिळाला, त्यांची संशोधनातली प्रगती चांगली असल्याचेही या अभ्यासांतून पुढे आले.

मग ज्यांच्या घरात आधी कुणी डॉक्टर नाही, त्यांचे काय? २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या संशोधन अनुदानांचा अभ्यास छापून आला. शिक्षण, अनुभव, आधीचे पेपर हे सगळे हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या संशोधकांपेक्षा सुमारे १० टक्के गुणांनी कमी निघाली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) हे नाकारत बसण्याऐवजी उपाय सुरू केले, आणि २०१४ मध्ये मार्गदर्शनाचे एक राष्ट्रीय जाळेच उभारायला घेतले. मार्गदर्शन ही त्यांनी नशिबावर सोडायची गोष्ट मानली नाही, त्यासाठी पैसा आणि माणसे लावली.

आपल्याकडे प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची स्थिती तपासली. २००७ च्या अहवालात ६९ टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही असे सांगितल्याची नोंद आहे. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. आरक्षणाने वर्गाचे दार उघडते. वर्गानंतर सरांच्या केबिनमध्ये जो चहा होतो, ज्या गप्पांमधून 'अरे, माझ्या प्रोजेक्टवर येतोस का' असा प्रश्न निघतो, त्या दाराला कोणतेही आरक्षण नाही. ते दार ओळखीने उघडते, आणि ओळख ही वारशाने मिळणारी मालमत्ता आहे.

आपल्याला याची गरज का?

ज्या आजाराला संशोधक नाही, त्याला आवाज नाही, हे त्याचे साधे उत्तर. सिकलसेल घ्या. विदर्भातल्या आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच तो नोंदवला होता. देशाचे सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले १ जुलै २०२३ रोजी. मधल्या काळात कितीतरी घरांत पोर सांधे धरून रडायचे आणि घरचे देवऋषी शोधायचे. या आजारावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. परदेशात ठरलेला डोस आपल्या मुलांना तसाच द्यायचा की कमी डोसनेही भागते, हा प्रश्न नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी इथल्याच मुलांवर अभ्यास करून हाताळला. हे प्रश्न ज्यांच्या घरात आहेत, त्यांच्यातूनच पुढचे संशोधक आले तर प्रश्न चुलीपासून माहीत असेल.

फवारणीतली विषबाधा, सर्पदंश, रक्तक्षय, शेगावसारखे अचानक उपटलेले आजार, या सगळ्यांना हेच लागू आहे.

अडतं कुठे?

पहिली अडचण वेळेची. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर सकाळी ओपीडीत दीडशे रुग्ण पाहतो. त्याने संशोधन करायचे कधी? अमेरिकेत तरुण डॉक्टर-संशोधकांसाठी काही फेलोशिप अशा आहेत की त्यात ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवणे त्यांच्या संस्थेवर बंधनकारक असते. त्यांच्या अर्जात मार्गदर्शक कोण, तो काय शिकवणार, हेही लिहावे लागते. राखीव वेळ, राखीव पैसा आणि नेमलेला मार्गदर्शक या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात, म्हणून माणूस टिकतो.

भारतात या धर्तीचा मोठा प्रयत्न म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेली डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्स. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून ती चालवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. एकूण १,५०० कोटी रुपये, त्यात केंद्राचे १,००० आणि वेलकमचे ५०० कोटी. डॉक्टरांसाठी क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याच्या वेगळ्या फेलोशिप त्यात आहेत. पण तिथे अर्ज करण्याइतकी तयारी व्हायला आधीची सात-आठ वर्षे कुणीतरी हात धरलेला असावा लागतो.

दुसरी अडचण पैशाची. पोरगा डॉक्टर झाला की घर त्याच्याकडे डोळे लावून बसते. कर्ज फेडायचे असते, बहिणीचे लग्न असते. संशोधनात पहिली काही वर्षे खासगी प्रॅक्टिसपेक्षा कमाई कमी. ज्येष्ठ संशोधन सहायकाला (एसआरएफ) जानेवारी २०२३ पासून महिन्याला ४२,००० रुपये आणि कनिष्ठाला (जेआरएफ) ३७,००० रुपये ठरले आहेत. रक्कम वाईट नाही, पण ती वेळेवर पडत नाही ही संशोधकांची जुनी तक्रार आहे. फेलोशिप सहा-सहा महिने लांबली तर श्रीमंताचे पोर टिकते, आपले पोर नोकरी शोधायला लागते.

तिसरी अडचण माहितीची. त्यावर आपण आजच काम करू शकतो.

पायरीपायरीने काय करता येईल?

एमबीबीएस किंवा बीडीएसला असाल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप (एसटीएस) आहे. १९७९ पासून ती चालू आहे. आपल्याच कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाला गाईड करायचे, छोटा विषय मांडायचा, मंजूर झाला की साधारण दोन महिन्यांत काम करून अहवाल द्यायचा. प्रमाणपत्र आणि मानधन मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्राध्यापकाशी कामाचे नाते जुळते. अर्ज निघाल्यावर गाईड शोधू नका, आधीच शोधून ठेवा.

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (एनआयई) जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स पीजीच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. त्यासाठी नाव नोंदवून शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचे तर शुल्क असते. पीजीपर्यंत थांबायचे कारण नाही.

बॉण्डचे एक वर्ष ग्रामीण भागात काढावे लागते, ते वाया गेले असे समजू नका. बिरवाडीची गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू झाली होती. एक वही घाला. ज्या आजाराचे रुग्ण वारंवार येतात त्यांची नाव गाळून नोंद ठेवा. त्या नोंदी पुढे अभ्यासात वापरायच्या असतील तर मात्र एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. औषधाची चाचणी करायची असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करावी लागते. २००९ पासून ती बंधनकारक आहे आणि नोंदणी मोफत आहे.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना 'सर, मला मार्गदर्शन करा' एवढेच लिहू नका. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातला न समजलेला मुद्दा विचारा, आपण आठवड्याला किती तास देऊ शकतो ते सांगा. दहा जणांना लिहिले तर दोघे उत्तर देतात. आणि मार्गदर्शक एकच असावा असे नाही. विषयाला एक, संख्याशास्त्राला दुसरा, मन मोकळे करायला आपल्याच समाजातले एखादे वरच्या वर्गातले दादा किंवा ताई.

आपले कामही जपा. पेपरवर नाव कुणाचे येणार, कितवे येणार, हे कामाच्या सुरुवातीलाच बोलून आणि ईमेलवर लिहून घ्या. ज्याने कामात ठोस भर घातली, मसुदा लिहिला किंवा तपासला, अंतिम प्रत मान्य केली आणि जबाबदारी घेतली तोच लेखक, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जो गाईड हे बोलायलाच नकार देतो, त्याच्यापासून सावध राहा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती खुल्या झाल्या. पण केंद्राच्या फेलोशिपला केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो, राज्याचा दाखला जोडला की अर्ज अडकतो. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप, बार्टीची पीएच.डी. फेलोशिप, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि राष्ट्रीय प्रवासी शिष्यवृत्ती, या सगळ्यांच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत वाचा. व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या मेसेजवर विसंबू नका.

डॉक्टर नसलेल्यांसाठीही जागा आहे

संशोधन एकटा डॉक्टर करत नाही. रुग्णांना समजावून संमती घेणारा, नोंदी ठेवणारा समन्वयक लागतो. नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी, बायोटेक्नॉलॉजी, संख्याशास्त्र, एमएसडब्ल्यू केलेल्या मुलामुलींना इथे काम आहे. एथिक्स कमिटीत तर एक समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा असे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गरीब रुग्णाला संमतीपत्र खरेच समजले का, हा प्रश्न विचारणारा माणूस त्या टेबलावर हवा. तो आपल्यातला का नसावा?

समाज म्हणून आपण

आपण विहारात अभ्यासिका काढल्या आणि त्यांतून शेकडो मुले नोकरीला लागली. तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक यादी लावायला खर्च येत नाही. जिल्ह्यातले आणि जिल्ह्याबाहेर गेलेले आपले डॉक्टर, प्राध्यापक, प्रयोगशाळेत काम करणारे, यांना विचारून, त्यांच्या परवानगीने, कोण महिन्याला एक तास द्यायला तयार आहे याची ती यादी. बुलढाण्याच्या मेडिकलला दरवर्षी नवी मुले येतील. त्यांच्यातल्या पहिल्या पिढीच्या प्रत्येक मुलाला पहिल्याच वर्षी एका अनुभवी माणसाशी जोडून द्यायचे, आणि त्या मुलाने पुढे अकरावी-बारावीच्या दोघांना जोडून घ्यायचे. जयंतीच्या सत्कारात शाल-श्रीफळ देतो, तसाच डॉक्टर झालेल्या मुलाकडून एक शब्दही घ्यावा की तो किमान एका पोराचा हात धरेल.

घरच्यांनाही एक विनंती. पोरगी म्हणाली की मला दवाखाना टाकायचा नाही, पाच वर्षे संशोधन करायचे आहे, तर तिला वेडी ठरवू नका. आधी तिचा मार्गदर्शक कोण आहे ते विचारा. नसेल, तर तो शोधायला तिला मदत करा.